जाताना हॅलो

पाहुणा फाटकाशी आला की गिझीमावशी त्याच्या तोंडाकडं नंतर बघायची, आधी बॅगेच्या चाकांकडं. चाकं दिसली की पहिलं वाक्य ठरलेलं : "उचला. ओढायची नाही." पाहुण्याला हंगेरियन कुठलं कळायला? मग मावशी स्वतःच बॅगेचा कान धरून ती वीतभर उचलून दाखवायची. सत्तरीला टेकलेली बाई उचलतेय म्हटल्यावर धडधाकट माणसाला लाजेकाजेस्तव उचलावीच लागायची.

घरच तसं होतं. मधे चौक, चौकाच्या चारी बाजूंनी मजले, आणि प्रत्येक मजल्याला दगडी फरशीची लांबलचक गॅलरी. सगळ्यांची दारं त्या गॅलरीत, सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्याही त्याच गॅलरीत. वरून बॅग गडगडत गेली की खाली बशीतलं सूप हलायचं. बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डात अशी घरं जागोजाग आहेत, आणि अशा घरात राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या कानात राहायचं, हे तिथल्या मांजरांनाही माहीत असतं. पाहुण्यांना नसतं. ते सांगायला गिझीमावशी होती.

ती मूळची पुस्ताकडच्या सपाट मुलखातली. लग्नाआधी सूतगिरणीत लागली, तिथंच बार्ना दोरोगी भेटला, तो या घराचा राखणदार झाला आणि ती त्याच्याबरोबर फाटकाशेजारच्या खोलीत आली. तिकडची रीत अशी की लग्नानंतर बाईचं नावच उरत नाही. दारावरच्या पाटीवर अजूनही 'दोरोगी बार्नाची बायको' एवढंच. पुढं राजवट बदलली, गिरणीला कुलूप लागलं, आणि कुलूप लावणाऱ्यांनी भाषणात त्याला स्वातंत्र्य म्हटलं. बार्ना वारला. घराच्या कमिटीनं राखणदाराची जागाच रद्द केली. मावशीला खोलीतून काढायचं मात्र सगळ्यांच्याच जिवावर आलं, म्हणून ती राहिली. कायदा तिच्या बाजूचा नव्हता, लोकांचा आळस होता.

मग दुसऱ्या मजल्यावरची काही घरं आगोश्तोन नावाच्या माणसानं विकत घेतली आणि पाहुण्यांसाठी सजवली. हा आगोश्तोन राहायचा व्हिएन्नात. वर्षातून एकदा यायचा, भिंतींचे फोटो काढायचा आणि जायचा. किल्ल्या, चादरी, तुंबलेली मोरी, हरवलेला पाहुणा, सगळं मावशीच्या गळ्यात. त्याबद्दल तो खोलीचा खर्च घराला द्यायचा आणि मावशीच्या हातावर थोडंफार ठेवायचा. म्हणजे पाहुणे होते म्हणून खोली होती. हे गणित मावशीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं पाहुणा कसा वळणावर आणायचा याचं शास्त्रच बनवलं होतं.

"किल्ली दोनदा फिरवायची. एकदा फिरवली की दार नुसतं झोपतं, मरत नाही." "न्हाणीघरात भांडायचं नाही, त्या खिडकीतलं बोलणं चारी मजल्यांना जातं. भांडायचं असेल तर ट्राममध्ये जा, तिथं सगळेच भांडतात." "ट्राममध्ये चढलात की तिकिटाला भोक पाडून घ्यायचं. दंडावर पट्टी बांधलेला तपासनीस दिसल्यावर पाडलेलं भोक त्याला चालत नाही." "बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटायचे नाहीत, वाइनचे आपटा." आणि सगळ्यात महत्त्वाचं : "वेटरला पैसे देताना 'थँक यू' म्हणायचं नाही! इथं त्याचा अर्थ, उरलेले तुला ठेव. आधी सुटे हातात घ्या, मग काय आभार मानायचे ते माना." हे सगळं ती हंगेरियनमध्येच सांगायची. सावकाश आणि मोठ्यांदा बोललं की हंगेरियन कुणालाही कळतं, असा तिचा ठाम समज. आणि नाहीच कळलं तर ती अभिनय करायची. तिनं केलेला वेटर बघायला खालच्या मजल्यावरची माणसं दार किलकिलं करायची.

शेवटी ती आपल्या हातच्या आलुबुखाराच्या जॅमची बाटली पाहुण्याच्या हातात ठेवायची. साखर न घालता, आख्खा दिवस ढवळून आटवलेला काळाकुट्ट जॅम. त्यासाठी तिच्या आईचं मोठं पातेलं होतं, मूल बसवून आंघोळ घालता येईल एवढं.

सगळं कसं बैजवार. फक्त एका माणसापुढं मावशीचं शास्त्र पांगळं पडायचं. रेझ्योकाका.

रेझ्योकाका दुसऱ्याच मजल्यावर, पाहुण्यांच्या घरांना लागून राहायचे. आयुष्यभर ट्राम चालवलेली. निवृत्त झाले तेव्हा ट्रामवाल्यांनी त्यांना जुन्या ट्राममधलं ड्रायव्हरचं स्टूल भेट दिलं. लाकडी गोल बैठक, खाली लोखंडी पाय, वजनाला धोंडा. ते स्टूल दारासमोर गॅलरीत टाकून काका रोज दुपारी बसायचे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचा. जाताना हसून म्हणायचा, "हॅलो!"

तिथंच ठिणगी पडायची. कारण इथं लोक निघताना 'हॅलो' म्हणतात. भेटल्यावर 'सिया', निघताना 'हॅलो'. निघताना 'येतो' म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. आणि मोठ्या माणसाला तर तेही नाही. मोठ्या माणसाला 'यो नॉपोत', म्हणजे दिवस चांगला जावो.

"बघ, बघ," काका वरून चौकात ओरडायचे, "आला नाही तोच मला निरोप देतोय! मी काय मरायला टेकलोय? बॅग ठेवायच्या आधी मला पोचवायला निघाले!"

"अहो काका, त्यांच्याकडं भेटल्यावर म्हणतात तसं," मावशी खालून.

"मग त्यांच्याकडं म्हणावं! माझ्या गॅलरीत कशाला?"

काका उगाच चिडत होते असं नाही. कोपऱ्यावरची बेकरी गेली, तिथं आता बॅगा ठेवायचं दुकान आहे. चांभार गेला. ज्या घरात पूर्वी लसूण मागायला जाता यायचं, त्या घरात आता दर आठवड्याला नवं तोंड. राग खराच होता. पण राग काढायला माणूस हाताशी लागतो, आणि व्हिएन्नात बसलेला मालक हाताशी नसतो. हाताशी असते फाटकावरची म्हातारी.

त्या वर्षी सप्टेंबरात हा राग ठरावापर्यंत गेला. कमिटीचा अध्यक्ष सिलार्द, मान ताठ आणि बूट चकचकीत, त्यानं बैठक लावली : घरात पाहुणे ठेवायला बंदी. बंदी झाली तर फाटकाशेजारची खोली 'घराच्या कामासाठी' मोकळी करायची. घराचं काम म्हणजे सायकली ठेवणं. सगळ्यात जास्त सायकली कुणाच्या होत्या, तर सिलार्दच्या. असल्या लोकांचं समाजकार्य असं त्यांच्या दारापासून सुरू होतं आणि दारातच संपतं. घरातली मतं जवळजवळ निम्मीनिम्मी होती. मावशीला मतच नव्हतं, ती मालक कुठं होती? पारडं झुकवणारा हात रेझ्योकाकांचा, आणि तो हात कुठं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बैठकीचा दिवस सिलार्दनं हुशारीनं निवडला. अडगळीचा दिवस. वर्षातून एकदा महापालिका फर्मान काढते : घरातलं नको असलेलं सगळं फुटपाथवर आणून टाका, सकाळी गाडी नेईल. त्या दिवशी आख्खा वॉर्ड जिन्यावर असतो. मोडकी कपाटं, दार नसलेले फ्रिज, सासऱ्यांची गादी, सवतीचा आरसा, सगळं रस्त्यावर. आणि गाडीच्या आधी येतात ती अडगळ वेचणारी माणसं. ती आपापले ढीग निवडतात आणि त्यावर बसून राहतात. जो बसला त्याचा ढीग. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण पोलीससुद्धा मोडत नाही.

सिलार्दचा हिशेब असा, की सगळे खालीच असतील, संध्याकाळी चौकात हात वर करून घेऊ.

त्या आठवड्यात पाहुण्यांच्या घरात होती हिल्का. फिनलंडची, शाळेत नर्स होती, आता निवृत्त. दाराच्या चौकटीएवढी उंच बाई, आणि मनगटं अशी की दोन बॅगा दोन हातांत घेऊन न थांबता वर गेली. मावशीला 'उचला' म्हणायची संधीच दिली नाही. त्यात ही बाई हंगेरियन शिकलेली! गावातल्या रात्रीच्या वर्गात, दोन हिवाळे. का, तर फिनलंडची भाषा आणि हंगेरियन या दूरच्या बहिणी म्हणे. बोलायची मात्र अशी, की प्रत्येक शब्द दुकानातून नुकताच आणून पुढ्यात ठेवावा.

"मी... मदत करतो," तिनं त्या सकाळी मावशीला विचारलं. "करते. आज सगळे खाली नेतात. मी पण नेते?"

मावशीच्या पुढ्यात आलुबुखाराच्या टोपल्या होत्या. बिया काढता काढता हात जांभळे झाले होते, आणि डोक्यात संध्याकाळची बैठक. ती म्हणाली, "ने बाई, ने. लोकांना मदत कर. तेवढंच त्यांना दिसेल की पाहुणे म्हणजे राक्षस नव्हेत."

इथं मावशीचं शास्त्र चुकलं. ट्रामचं तिकीट सांगितलं, बिअरचा ग्लास सांगितला, पण अडगळीच्या दिवशी गॅलरीत ठेवलेली प्रत्येक वस्तू अडगळ नसते, हे सांगायचं राहिलं. हे काय सांगायचं असतं का? जगात सगळ्यांना ठाऊकच असणार!

दुपारी तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण कठड्यावरून वाकली. "गिझी! ती तुझी उंच बाई रेझ्योचं स्टूल खांद्यावर टाकून खाली गेली गं!"

मावशीच्या हातातली सुरी टोपलीत पडली. "कुठलं स्टूल?"

"किती स्टुलं आहेत त्याला? ट्रामचं!"

"आणि तो?"

"दार बंद आहे. गेला असेल गरम पाण्याच्या कुंडात, गुडघे शेकायला. आला की तुझं काही खरं नाही हो!"

मावशी ॲप्रनसकट रस्त्यावर धावली. काकांचं स्टूल काय आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? यापूर्वीही हे झालं होतं. जवळजवळ दर वर्षी अडगळीच्या दिवशी कुणीतरी हलकट ते स्टूल खाली आणून टाकायचा. म्हाताऱ्याची खोड काढायला, दुसरं काय! आणि दर वर्षी मावशी ते ढिगातून शोधून, काकांना कळायच्या आत, पहाटे गुपचूप त्यांच्या दारात नेऊन ठेवायची. कधी बोलली नाही. उपकार बोलून दाखवले की शिळे होतात, असं तिची आई म्हणायची.

स्टूल दिसलं, पण ढीग होता ब्रिगीचा. ब्रिगी दर वर्षी भावाची गाडी घेऊन यायची. फुटपाथच्या मधोमध एका हिरव्या, मऊ, गुबगुबीत आरामखुर्चीत ती महाराणीसारखी बसली होती, पायाशी थर्मास, आणि स्टूल तिच्या पाठीमागं.

"ब्रिगी, ते स्टूल दे."

"यो नॉपोत तरी म्हण, गिझी. वर्षानं भेटतेस."

"यो नॉपोत. स्टूल दे. चुकून आलंय."

"दर वर्षी चुकून येतं, आणि दर वर्षी तू चुकून नेतेस. मी बघत नाही असं वाटतं तुला? यंदा मी आधी बसले." ब्रिगीनं थर्मासचं झाकण लावलं. "कॅफेवाले असल्या ट्रामच्या वस्तूंवर जीव टाकतात. भिंतीला टांगतात."

"बसायची वस्तू भिंतीला टांगतात?"

"त्यांना बसायचं नसतं, दिसायचं असतं. काय देतेस?"

"माझ्याकडं काय आहे? अगं, आज बैठक आहे. ते स्टूल म्हाताऱ्याच्या दारात नसलं तर माझी खोली जाते!"

ब्रिगीनं तिच्याकडं नीट बघितलं. तिला खोली जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. तिच्या दोन गेल्या होत्या. पण धंदा तो धंदा. तिची नजर फाटकाशेजारच्या उघड्या खिडकीतून आत गेली, टोपल्यांच्या मागं. "ते पातेलं दे."

"ते आईचं आहे!"

"मग राहू दे."

मावशीनं जांभळे हात ॲप्रनला पुसले. मग ती आत गेली आणि पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर घेऊन आली. ब्रिगीनं ते घेतलं, बोटानं वाजवून बघितलं आणि मान हलवली. जिंकल्यासारखी मात्र हसली नाही.

स्टूल घेऊन दुसरा मजला चढायचा म्हणजे मावशीच्या छातीचा भाता झाला. प्रत्येक वळणावर टेकत, तोंडानं फिनलंडचा उद्धार करत ती वर पोचली. स्टूल नेहमीच्या जागी ठेवलं, नेहमीच्या बाजूला वळवलं, पदरानं पुसावं तसं ॲप्रननं पुसलं. आणि दार उघडलं.

काका कुंडात गेलेच नव्हते. ते घरातच होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बैठकीच्या तयारीत. त्यांनी स्टुलाकडं बघितलं. मावशीकडं बघितलं. पुन्हा स्टुलाकडं बघितलं. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की स्मशानात पोचवलेला माणूस जेवायच्या वेळी दारात हजर व्हावा.

"परत आलं?" ते पुटपुटले. "परत आलं हे?"

"काका, रागावू नका, त्या फिनलंडच्या बाईला कळलं नाही..."

"तिला चांगलं कळलं! मीच सांगितलं तिला ने म्हणून!" काकांचा आवाज चौकात घुमला. "म्हणजे तू! इतकी वर्षं तू आणून ठेवतेस? गुडघे शाबूत होते तोवर मी स्वतः खाली टाकून यायचो, आणि सकाळी बघतो तर दारात! मला वाटायचं अडगळवाल्यांनासुद्धा नको असतं ते. वाटायचं, इतकं कसं दळिद्री स्टूल, की भंगारातनं नापास होऊन घरी येतं!"

"पण... ट्रामवाल्यांनी मानानं दिलेलं..."

"मान? अगं, आयुष्यभर त्या फळकुटावर बसून पाठीचं खोबरं झालं. वाटलं, सुटलो. तर निघताना तेच गळ्यात बांधलं! कैद्याला सुटताना कुणी बेडी भेट देतं का?"

"मग रोज बसत का होता त्यावर?"

"दारातच होतं! काय करू, उभा राहू?"

मावशीला हसावं की रडावं कळेना. ती त्याच स्टुलावर मटकन बसली. डोळ्यांपुढं आईचं पातेलं. "काका," ती म्हणाली, "मला एकदा विचारायचंत तरी."

"तू मला विचारलंस कधी? सगळ्या जगाला विचारतेस, पाणी येतं का, दार लागतं का. मला कधी विचारलंस?"

"तुम्ही विचारू देता? दुरून बघितलं तरी गुरकावता!"

"मग त्या बाईनं कसं विचारलं?"

मग ते सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. हिल्का पहिल्या दिवशी गॅलरीतून आली, बॅगा खाली ठेवल्या, आणि हॅलो नाही काही नाही, समोर उभी राहून शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, 'यो नॉपोत.' मग ती म्हणाली, आपण नातेवाईक. काका म्हणाले, सिद्ध कर. तिनं नळाच्या पाण्याकडं बोट दाखवलं : वेसि. काका म्हणाले, वीझ. मग रक्त : तिचं वेरि, यांचं वेर. मग तिनं आपला भला मोठा पंजा पुढं केला : कॅसि. "आणि आपलं केझ," काका म्हणाले, आणि स्वतःच्या हाताकडं असे बघू लागले, जणू तो कुणी नुकताच परत केला होता. "हजारो वर्षांनी भेटायला आलीय बिचारी. तिला म्हटलं, एवढा हात आहे, तर हे नेऊन टाक."

तेवढ्यात जिन्यावरून हिल्का आली. स्टूल बघून तिचा चेहरा पडला. "मी नेलं होतं. नाही नेलं होतं?"

"नेलं होतंस, माझे आई," मावशी म्हणाली. "मी परत आणलं. माझं पातेलं देऊन आणलं." आणि मग तिनं स्टुलावर बसूनच सगळी हकीकत सांगितली, वेटरपेक्षाही चांगल्या अभिनयासकट, ब्रिगीच्या आरामखुर्चीपर्यंत.

"मऊ आहे?" काकांनी मधेच विचारलं.

"काय?"

"ती खुर्ची. मऊ आहे का, विचारतोय."

हिल्कानं काकांच्या पाठीकडं नर्सच्या नजरेनं एकदा बघितलं, मावशीला हाताला धरून उठवलं, स्टूल पुन्हा खांद्यावर टाकलं आणि जिना उतरून गेली. ब्रिगीशी तिचं काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. पण ब्रिगी पुढं वर्षभर सांगायची, की त्या बाईशी घासाघीस करता येत नाही. ती प्रत्येक वाक्य इतक्या सावकाश आणि इतकं बरोबर बोलायचा प्रयत्न करते, की आपल्यालाच तिला मध्येच होय म्हणून सोडवावं लागतं. स्टुलाला आरामखुर्ची. ब्रिगी स्टुलावर बसली, तिच्या भावानं आणि हिल्कानं हिरवी खुर्ची चौकात आणली. वर न्यायला वेळ नव्हता, बैठक सुरू होत होती. मग हिल्कानं काकांनाच दंडाला धरून खाली आणलं.

काका खुर्चीत बसले. बसले म्हणजे, बुडाले. गुडघे वर, कोपरं आत, फक्त डोकं आणि इस्त्रीची कॉलर बाहेर. त्यांनी डोळे मिटले आणि असा एक उसासा टाकला, की गॅलऱ्यांतली कुजबुज थांबली.

सिलार्दनं भाषण केलं. घराची शांतता, घराची शान, घराची परंपरा. सायकलींचं नाव नाही. मावशी आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, टोपल्यांतले आलुबुखार मागं तसेच पडलेले. बोलायचा हक्क नसलेला माणूस जसा उभा राहतो, तशी. हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"बंदीच्या बाजूचे, हात वर!"

हात वर झाले. सिलार्दनं मोजले, मग आरामखुर्चीकडं वळला. "काका? तुमचा हात?"

"बघतोयस ना," काका डोळे न उघडता म्हणाले, "खुर्चीनं धरलाय."

चौकात खसखस पिकली. सिलार्दचे कान तांबडे झाले. "थट्टा करू नका. तुम्हीच तर सगळ्यांत जास्त तक्रारी केल्यात! बाजूनं आहात की विरोधात?"

"विरोधात म्हटलं तरी हात वरच करायचा ना? तोही येत नाही. असं कर, लिहून घे : रेझ्यो बसलाय."

"याला काय अर्थ आहे?"

"बाबा रे, आयुष्यात पहिल्यांदा नीट बसलोय. अर्थ तू बघ."

विरोधातले हात मोजले. समसमान. सिलार्दनं पुन्हा मोजले, हात तेवढेच राहिले. "समसमान म्हणजे ठराव पडला," तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण वरून ओरडली, "आणि माझं धिरडं करपतंय!" आणि लोक पांगले. असे निर्णय इतिहासात नोंदले जात नाहीत, पण यांच्यावरच माणसं एकेक वर्ष जगतात.

मावशी काकांजवळ आली. बोलली मात्र नेहमीसारखीच. "आता या खुर्चीला वर कोण नेणार?"

"तुझे पाहुणे. त्यांना म्हणावं, उचला, ओढायची नाही." काकांनी एक डोळा उघडला. "आणि ऐक. बॅगेच्या चाकांचं सांगतेस, वेटरचं सांगतेस. माझं का सांगत नाहीस?"

"काय सांगू? दुसऱ्या मजल्यावर एक खवीस राहतो म्हणून?"

"तेच सांग. पण खविसाला येताना हॅलो म्हणू नये, एवढं पुढं जोड."

पातेलं काही परत आलं नाही. अडगळीच्या दिवशी गेलेलं परत मागायचं नसतं, मावशीनं मागितलंही नाही. पण दुसऱ्याच दिवशी ब्रिगीची गाडी फाटकाशी थांबली. "तुझे आलुबुखार सडायला लागले असतील," ती खिडकीतून म्हणाली, "आणि माझ्याकडं एवढं पातेलं आहे, घालू काय त्यात? ढवळणं दोघींचं, जॅम निम्मा माझा." मावशीनं तिला तोंडभर शिव्या दिल्या आणि चूल पेटवली. दोघी पाळीपाळीनं ढवळत बसल्या. हिल्कानं मध्येच डाव हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही, आणि जॅम यंदा बुडाला लागला नाही, हे मावशीनं कबूल केलं, पण ब्रिगी गेल्यावर.

शनिवारी हिल्का निघाली. दोन्ही हातांत दोन बॅगा, एकीत फडक्यात गुंडाळलेली जॅमची बाटली. गॅलरीत हिरवी आरामखुर्ची, खुर्चीत काका. गॅलरी आता इतकी अरुंद झाली होती, की बॅगा डोक्यावर धरून जावं लागत होतं. पण त्याची तक्रार करणारा माणूस स्वतःच वाट अडवून बसला होता. हिल्का थांबली, बॅगा खाली ठेवल्या, आणि मावशीनं शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर वेळी म्हणाली, "हॅलो, काका."

खाली चौकात मावशी फाटकाची किल्ली घेऊन उभी होती. तिनं वर बघितलं. खुर्चीच्या हिरव्या गुबगुबीत कडेवरून काकांचा हात वर आला, चांगला कोपरापर्यंत, आणि हिल्का जिन्याच्या वळणाआड होईपर्यंत वरच राहिला.